तात्यांनी मासे सोडले

मासेवहिनीला येणारे निम्मे फोन चुकीचे असायचे. कोणीतरी विचारायचं, "ताजे आहेत का?"

"जिवंत आहेत," वहिनी म्हणायची. "आणि कापून मिळत नाहीत." की फोन बंद.

नावच तसं पडलं होतं, करणार काय. ती मासे विकत नव्हती, पकडत नव्हती, खात तर नव्हतीच. ती लोकांचे फिशटँक साफ करायची. दवाखान्यातले, वकिलाच्या ऑफिसातले, गाड्यांच्या शोरूममधले. एका शिंप्याच्या दुकानातला पण, त्यात माशांपेक्षा बटणं जास्त निघायची. एका हातात बादली, दुसऱ्या हातात जाळी, गळ्यात रबरी नळी. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही कोणी डॉक्टर आहे आणि बादली आजारी आहे.

लग्न होऊन आली तेव्हा तिला माशातलं ओ की ठो कळत नव्हतं. गल्लीच्या टोकाला रंगीत माशांचं दुकान होतं, तिथे ती पिशव्या बांधायच्या कामाला लागली. पिशवीत पाणी, पाण्यात मासा, वर हवा, रबर गुंडाळ, दे. दुकानदार म्हातारा आणि चिडका. त्याने तिला एकच गोष्ट शिकवली. "गिऱ्हाइकाला सांगायचं, मासा फार नाजूक असतो. म्हणजे मेला तर चूक गिऱ्हाइकाची, जगला तर करामत आपली."

त्याने ती धंद्याची खुबी म्हणून सांगितली. वहिनीने ती खरी धरली. सगळा घोळ तिथेच झाला. पुढे म्हातारा गेला, दुकान बंद पडलं, वहिनीने बादली उचलली आणि स्वतःची कामं धरली. जिथे गेली तिथे नाजूकपणाचं पुराण लावलं.

"काचेवर टकटक नको. त्याचं काळीज बसतं."

"दाणे चिमटीने टाका. मुठीने टाकायला तो काय बैल आहे?"

"सेंट मारलंय ना तुम्ही? मग लांबून बघा."

शोरूमचा मॅनेजर हाताखालच्या लोकांना उभा फाडायचा, पण टँकसमोरून जाताना कुजबुजत जायचा. लोक तिला मागून हसायचे. हसू देत. हसणाऱ्यातल्या एकाने तरी ताप अंगात असताना दुसऱ्याच्या टँकमधलं शेवाळं खरवडून दाखवावं, मग बोलावं. वहिनीने ते केलंय. काम संपल्यावर ती एकच वाक्य म्हणायची आणि छाती अशी काढायची की बादलीतलं पाणी हिंदकळायचं: "माझ्या हातचा मासा मरत नाही."

हे वाक्य ऐकून न घाबरणारा जगात एकच माणूस होता. तिचा सासरा, तात्या.

"मासा आहे तो," तात्या म्हणायचे. "त्याला काय धाड भरलीय? नदीत काय त्याला चिमटीने भरवतात?"

"नदीतला वेगळा, टँकमधला वेगळा."

"हो ना. नदीतल्याला सून नसते."

तात्या ट्रक चालवून रिटायर झालेले. घरात नुसतं बसवेना म्हणून बिल्डिंगची पाण्याची मोटर चालू-बंद करायचं काम अंगावर घेतलं होतं. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून तोरा लिफ्ट कंपनीच्या मालकासारखा. लिफ्ट नव्हती, ते सोडा. तात्यांचा जीव खायच्या माशांवर. आणि डॉक्टरांनी नेमके तेच बंद केलेले, कारण युरिक ॲसिड वाढलेलं. तात्या बाहेर कुठेतरी गुपचूप चापून यायचे आणि दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा टोमॅटोसारखा घेऊन बसायचे. वहिनी अंगठा शेकायची आणि तोंडाने तात्यांना शेकायची. "सोडा हो ते मासे, तात्या! कधी सोडणार?" असं ती वर्षानुवर्षं म्हणत आलेली. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड या एका शब्दाने केली.

वहिनीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे दातांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरबाईंच्या शब्दावर तिला बाकीची कामं मिळालेली. टँकमध्ये पाच गोल्डफिश, आणि त्यातला एक म्हणजे जांभई. जबड्यात काहीतरी वाकडं होतं, तोंड मिटायचंच नाही. खुर्चीत बसून केकाटणाऱ्या पोराला डॉक्टरबाई म्हणायच्या, "बघ, जांभई कशी आऽ करते. कोण जास्त मोठा आऽ करतं बघू?" पोरगं आऽ करायचं, की बाई आत चिमटा घालायच्या. अर्धा दवाखाना त्या माशावर चालायचा.

दवाखान्याला रंग काढायचा ठरला. रंगाचा वास माशांना सोसणार नाही, असं वहिनीनेच सांगितलं, आणि पाचही जण मोठ्या निळ्या टबात बसून तिच्या घरी, गॅलरीत आले. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "वहिनी, बाकीचे चार एक वेळ कुठूनही मिळतील. जांभई मिळायची नाही."

"डॉक्टर, माझ्या हातचा मासा..."

"मरत नाही. माहितेय. म्हणून तर देतेय."

आता बघा नशीब. पाहुणे येऊन गॅलरीत जरा रुळतात न रुळतात, तोच वहिनीच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. जायलाच हवं. नवरा फिरतीवर, म्हणजे राहिले कोण? तात्या.

वहिनीने त्यांना टबासमोर उभं केलं. "ही हवेची छोटी मोटर, ही तिची नळी. यातून बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की मासे खलास, समजलं? आणि ऊन नाही, थंडी नाही, कच्चं पाणी नाही. नळाचं पाणी रात्रभर ठेवायचं, मग घालायचं."

"आणि अंगाईगीत?" तात्या म्हणाले.

"चेष्टा नको, तात्या. यांना काही झालं ना, तर मला या गावात तोंड दाखवायला जागा नाही. एक काम गेलं की सगळी जातील."

तात्यांनी मान डोलावली. तोंडाने काही म्हणोत, सुनेचा चेहरा बघून त्यांनी नळी हात लावून नीट बघून घेतली.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली.

बुडबुडे थांबले. तात्या टबाकडे बघत राहिले. मासे फिरत होते मजेत, पण सून म्हणालेली, थांबले की खलास. तात्यांनी मोटरची नळी उपसली, तोंडात धरली आणि फुंकायला लागले. गाल फुगले, डोळे बाहेर आले. बुडबुडे आले! थांबले की परत फुंक. ट्रकचं टायर तोंडाने फुगवतोय की काय असं बघणाऱ्याला वाटलं असतं. थोड्या वेळाने गॅलरी गोल फिरायला लागली आणि तात्या खाली बसले. वीज यायचं नाव नाही. मग त्यांचं डोकं चाललं. एवढ्याशा टबात हवा कमी पडते, म्हणून हे फुंकायचं लचांड. मग भरपूर पाणी असेल तिथे ठेवले तर? आणि भरपूर पाण्याची किल्ली तर आपल्याच खिशात!

पाचही जणांना बादलीत घेतलं आणि तात्या गच्चीकडे निघाले. गच्चीत सिमेंटची भलीमोठी टाकी, अख्ख्या बिल्डिंगच्या वापराच्या पाण्याची. झाकण सरकवलं, बादली उलटी केली. डुबुक. झालं काम.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मागे बहीण कण्हतेय, कोणीतरी गरम पाणी मागतंय, कोणाचं कोणाला ऐकू येत नाहीये. तात्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "अगं, मी मासे सोडले बरं का."

वहिनीला क्षणभर खरंच वाटेना. "काय सांगता! सोडले? कायमचे?"

"कायमचे असं नाही, पण सध्या तरी."

"सध्या-बिध्या काही नाही, तात्या! एकदा सोडले की सोडले. परत तिकडे वळून बघायचं नाही."

"बघू पण नको?"

"नाही! बघितलं की मोह होतो."

तात्यांना मोहाचं काही कळलं नाही, पण सून खूश होती. सून खूश म्हणजे फार प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. "मला वाटलं, तू ओरडशील," ते म्हणाले.

"ओरडू कशाला? किती वर्षं सांगतेय मी! शाब्बास, तात्या. आणि आपले पाहुणे कसे आहेत?"

"मजेत. एकदम मोकळे झालेत."

वहिनीने बहिणीला, बहिणीच्या सासूला, नर्सला, सगळ्यांना सांगितलं, "आमच्या सासऱ्यांनी मासे सोडले." नर्स म्हणाली, चांगलं झालं.

बहिणीचं बाळ यायला तयार नाही. आज येतो, उद्या येतो करत त्याने सगळ्यांना टांगून ठेवलं. रोज फोन व्हायचा आणि वहिनी रोज विचारायची, "परत धरले नाहीत ना?" आणि तात्या म्हणायचे, "हातसुद्धा लावला नाही." बाळ एकदाचं आलं, चांगलं टणटणीत. त्याचं न्हाऊमाखू बघून वहिनी घरी परत आली, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायचा होता.

चप्पल काढायच्या आधी ती गॅलरीत गेली. निळा टब कोरडा. त्यात तात्यांच्या धुतलेल्या बनियनी.

"तात्या, पाहुणे कुठेत?"

"वर."

"वर म्हणजे?"

तात्यांनी बोट आभाळाकडे केलं.

वहिनी होती तिथे मटकन खाली बसली. तिच्या तोंडून आवाज फुटेना. ही बाई कधी गप्प बसत नाही, म्हणून तात्या खरे घाबरले. "अगं, मेले नाहीत! वर म्हणजे गच्चीत! टाकीत सोडलेत. तुला सांगितलं नाही का फोनवर? तूच शाब्बास म्हणालीस!"

वहिनीने एकेक शब्द आठवला. सोडले. कायमचे. मोकळे झालेत. हात लावला नाही. आठवत गेली तसं तोंड पांढरं पडत गेलं, आणि मग लाल व्हायला लागलं.

"म्हणजे खायचे नाही सोडलेत?"

"ते कशाला सोडीन?" तात्या म्हणाले, आणि पायाचा अंगठा हळूच चटईखाली घेतला.

पुढच्या क्षणी वहिनी जिन्यात. मागून तात्या, धापा टाकत, सगळं समजावून सांगत. कसं फुंकलं, कशी गॅलरी फिरली. "आणि या वळणावर तो एक बादलीतून उडाला. तोंडवाला."

"जांभई?"

"चष्मा घरी राहिला होता, मग मला दिसेना कुठे पडलाय. घरी जाऊन चष्मा आणला, तर इथे पायरीवर पडलेला. केर चिकटलेला सगळा. उचलून टाकला बादलीत, तर पोहायला लागला पठ्ठ्या!"

वहिनीने कठड्याला धरलं. "चष्मा आणायला गेलात. आणि तो इथे. कोरडा."

"जिना धुतला होता, तसा ओला होता की."

गच्चीत टाकीचं झाकण सरकवलं. आत काळंकुट्ट पाणी. टॉर्च मारला तरी तळ दिसेना. वहिनीने मनातल्या मनात एकेक मोजलं. उजेड नाही, दाणा नाही, मोटर नाही. रोज वर धाडधाड नळाचं कच्चं पाणी. तिच्या हिशोबाने पाचही जण पाच-पाच वेळा मेले होते.

"ब्लीचिंग पावडर टाकली होतीत का?" तिने विचारलं.

"एकदाच. चिमटीने टाकली. मुठीने नाही."

बिचाऱ्या तात्यांना वाटलं, याने तरी सून खूश होईल.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या. दोघांना टाकीत डोकावताना बघून म्हणाल्या, "तात्या, या वेळी टाकीत काय औषध घातलंत हो? बादलीत ते वळवळणारे किडे यायचे ना डासांचे, एक येत नाही आता. गेल्या महिन्यात नुसता वैताग होता."

वहिनी हळूच सरळ झाली. किडे येत नाहीत. का येत नाहीत? कोणीतरी खातंय म्हणून येत नाहीत!

"तात्या," ती काकूंकडे हसून बघत, दातांतून म्हणाली, "टाकी रिकामी करायची. आत्ता."

"अगं, एवढं पाणी वाया? लोक मला जिवंत ठेवणार नाहीत."

"मग कशी करायची ते तुम्ही बघा. सोडताना विचारलंत का?"

तात्यांनी डोकं खाजवलं. मग जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि ट्रकच्या काळातला आवाज काढला. "ऐकाऽऽ! मोटर बंद राहणार आहे! पाणी भरून घ्याऽऽ!"

बस. दारं धडाधड उघडली. पाणी जाणार म्हटल्यावर माणूस काय काय भरतो बघा. बादल्या, पातेली, कुकर, फुलदाण्या. तळमजल्यावरच्या एकाने बूट भिजत घातले, आता नाही तर कधी म्हणून. टाकीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली जायला लागलं. बिल्डिंगने एवढी एकी याआधी कधी दाखवली नव्हती.

तळाशी ढोपरभर पाणी राहिलं तेव्हा वहिनीने सलवार गुडघ्यावर खोचली, जाळी घेतली आणि आत उतरली. वरून तात्या टॉर्च धरून. "डावीकडे! डावीकडे गेला! तुझ्या पायाखालून गेला! अगं, तो पाय नाही, दुसरा!"

"टॉर्च माझ्या डोळ्यात का मारताय? मी मासा आहे का?"

आणि मासे? सापडेनात. मेलेले नव्हते म्हणून सापडेनात! पाचही जण. दवाखान्यात काचेमागे सुस्त लोंबकळणारे ते गोल्डफिश इथे असे पळत होते, की वहिनीचा श्वास संपला पण ते थकेनात. जाडजूड झालेले, कसे केशरी चमकत होते. जांभई सगळ्यात शेवटी जाळीत आली आणि उघड्या तोंडाने वहिनीकडे बघत राहिली. वहिनी तशीच पाण्यात उभी. रडतेय की हसतेय, तात्यांना वरून कळेना.

"जिवंत आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," वहिनी म्हणाली. "तात्या, यांना काहीच झालेलं नाही. काहीच."

"मी म्हणत नव्हतो?"

"गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन दोघं दवाखान्यात. रस्त्यात वहिनीने तात्यांना बजावलं, "तिथे तोंड उघडायचं नाही." दातांच्या दवाखान्यात ही अट जरा अवघडच. मासे टँकमध्ये गेले आणि डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "वहिनी, असे तर हे कधी दिसले नव्हते! काय खाऊ घातलंत?"

"घरचंच," वहिनी म्हणाली.

इथे सगळं निभावलं असतं. पण रिसेप्शनवरच्या पोरीने तात्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही पण काही मदत केलीत का?"

झालं. टाकीची तोटीच उघडली. फुंकलेलं, सोडलेलं, जिन्यातलं, ब्लीचिंग, फुलदाण्या, सगळं. वहिनी कोपर मारत होती, पण तात्या ऐकतात काय! बाकावरचे पेशंट दात दुखायचे विसरले. डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"म्हणजे हे असे मरत नाहीत?"

नशिबाने वाचले, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण टाकीत वहिनीने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "नाही मरत," ती म्हणाली. "मला पण कालच कळलं."

"मग दर आठवड्याला तुम्ही..." डॉक्टरबाई थांबल्या. पुढचं सगळ्यांना कळलं. वहिनीने बादलीची कडी घट्ट धरली.

तेवढ्यात रिसेप्शनवरची पोरगी पुटपुटली, "डॉक्टर, एक सांगू? ओरडू नका हं. जाताना मी ती माशांची मोटर रोज बंद करते. लाइटचं आणि तिचं बटण एकच आहे."

वहिनीची मान गर्रकन वळली. "कधीपासून?"

"कामाला लागले तेव्हापासून."

डॉक्टरबाई खाकरल्या. "आता निघालंच आहे म्हणून. माझ्या हातून एकदा यात माउथवॉश सांडलं होतं. बाटलीभर."

"ते निळं पाणी? तुम्ही म्हणालात, ट्यूबलाइटचा रंग पडलाय! मी ट्यूब बदलायला लावली!"

"हो. मला तुमची भीती वाटली."

बाकावरची एक बाई उठली. "आमच्या पिंट्याने पडलेला दात टाकला होता यात."

"तो दात!" वहिनी किंचाळली. "मी गोगलगाय समजून परत आत ठेवला! रोज दाणा टाकायला सांगितला त्याला!"

"मी टाकत होते," रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली.

तात्या पोट धरून हसत होते. हळूहळू सगळा दवाखाना हसायला लागला. वहिनी नाही हसली. तिने एकेकाकडे बघितलं. बादली खाली ठेवली. बाह्या वर सारल्या.

"दर आठवड्याला येते तेच चुकलं," ती म्हणाली. "पाण्यात जगतील हो ते, टाकीत जगतील, जिन्यात जगतील. पण तुमच्यासारख्यांच्या तावडीत? आठवड्यातून दोनदा यायला पाहिजे मला! दोनदा!"

"या हो," डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या. "या. फक्त ओरडू नका."

"ते जमणार नाही. आधी मोटरचं बटण वेगळं करा. आत्ताच्या आत्ता वायरमनला बोलवा. बघताय काय माझ्याकडे?"

डॉक्टरबाईंनी खुर्चीतल्या पेशंटला तसंच आऽ करून ठेवलं आणि वायरमनला फोन लावला.